साहेबांची बदली आणि चौथी शाळा

मैत्रिणींनो, गावात नवे पोलीस निरीक्षक आले की आपल्याला त्यांचा दरारा दिसतो. त्यांच्या घरातली न सोडलेली खोकी कुणी पाहिलीत का? परवा माझ्या वर्गात त्यांची मुलगी दाखल झाली. सातवीतली पोर, पण ही तिची चौथी शाळा!

आता या खुर्चीपर्यंतची वाट बघा हं. आपल्या महाराष्ट्रात फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, होण्याचे मार्ग तीन: लोकसेवा आयोगाची परीक्षा, खात्यातली परीक्षा, नाहीतर शिपाई म्हणून लागून वर्षानुवर्षांनी मिळणारी बढती. पुढे सहायक निरीक्षक, मग निरीक्षक, आणि नशिबाने साथ दिली तर निवृत्तीआधी उपअधीक्षक. उलट राज्यसेवा परीक्षेतून निवडलेला तरुण पहिल्यापासूनच उपअधीक्षक! म्हणून तर पन्नाशीचे निरीक्षक तिशीच्या साहेबांना सॅल्यूट करताना दिसतात.

एका ठाण्यातली मुदत कायद्याने साधारण २ वर्षांची, जिल्ह्यातली ४ वर्षांची. बढतीचा हिशेब सरकार ठेवते. मुलांच्या शाळांचा मात्र घरच्या बाईने ठेवायचा. काही जणी शेवटी मुलांसाठी एका शहरात बिऱ्हाड करतात, नि साहेब दुसऱ्या गावी डब्यावर दिवस काढतात. हल्ली तर कित्येक ठाण्यांत साहेब म्हणजे बाईच असते. तिची ओढाताण तर दुहेरी!

तेव्हा एवढं कराच. नवं बिऱ्हाड आलं की पहिल्याच आठवड्यात डोकावून या. दूधवाला, डॉक्टर, शिकवणीच्या बाई, सगळं सांगा. साहेबांची बायको म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून!