तगतरावापासून हजेरीपर्यंत

चैत्र-वैशाखात चोपडा तालुक्यातल्या एखाद्या गावाची जत्रा जवळ आली की पारावर एकच प्रश्न ऐकू येतो, 'औंदा कोना तमाशा शे?' देव तोच असतो, बारागाड्या कोण ओढणार हेही बहुधा ठरलेलं असतं. ठरायचा असतो तो तमाशाचा फड. शहरातला माणूस शनिवारी नाटक, रविवारी गाण्याची मैफल, मग कधीतरी विनोदाचा कार्यक्रम अशी वेगवेगळी तिकिटं काढतो. आपल्या खानदेशातल्या जत्रेत नाट्य, नाच, विनोद आणि जिवंत वाद्यांचं संगीत एकाच रात्री, एकाच तंबूसमोर आणि ठरलेल्या क्रमाने येतं. हा क्रम कसा चालतो आणि तसाच का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी व्यवहार. फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्यात फड बंद असतो. त्या दिवसांत फडमालक कलावंतांना उचल देऊन पुढच्या हंगामासाठी बांधून घेतो, तालमी होतात आणि दसऱ्याच्या सुमारास पहिला नारळ फुटतो. पुढे खेळ दोन तऱ्हांनी लागतो. एक तिकिटाचा. मैदानाला कनात लावायची, दारावर तिकीट फाडायचं, नफा-तोटा फडमालकाचा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची घोड्यांची मोठी यात्रा भरते, तिथे असे खेळ लागतात. दुसरा सुपारीचा. गाव घराघरातून वर्गणी काढतं, पंच फडाशी बोली करतात, बयाना देतात आणि ती रात्र सगळ्या गावाला फुकट. खेड्यापाड्यांतल्या जत्रांचे तमाशे बहुतेक सुपारीचे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तर फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गुढीपाडव्याला गावोगावचे पंच तिथे सुपारी ठरवायला येतात. खानदेशाने बाहेरचे फड बोलावले तसे आपलेही उभे केले. धोंडू-कोंडू, भिका-भीमा ही जोडनावं आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत.

जत्रेच्या दिवशी फडाचे ट्रक पोचतात. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, वाजवणारे, सोंगाड्या आपल्याला दिसतात. पण त्यांच्याइतकेच बिगारी, वायरमन, आचारी, ड्रायव्हरही असतात. दुपारपर्यंत रिकाम्या शेतात रंगमंच, राहुट्या, दिवे, जनरेटर सगळं उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी तेच मोडून पुढच्या गावी जातं. हंगामभर हे असंच. इतक्या जणांच्या कष्टावर उभी असलेली ही कला आहे, एवढं तरी बघणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

खेळाआधीची एक गोष्ट खास आपल्याकडची, ती म्हणजे तगतराव. सजवलेला मोठा गाडा, त्याला बैल जुंपलेले आणि गाड्यावर तमाशाची मंडळी. ढोलकी वाजत असते आणि गाडा गावातून फिरतो. ही जाहिरातही आहे आणि मानही. म्हाताऱ्या बाया ओट्यावरून बघतात, पोरं गाड्यामागे धावतात. रात्री मैदानात न येणाऱ्या माणसाच्याही दारावरून तमाशा जातो. संध्याकाळी बारागाड्या होतात. माणसांनी भरलेल्या, एकमेकींना जोडलेल्या गाड्या भगत आणि त्याचे बगले, म्हणजे साथीदार, ओढतात. गाव घरी जातं, जेवतं आणि अंथरूण-पांघरूण घेऊन मैदानात येऊन बसतं.

खेळ वाद्यांनी सुरू होतो. लोक अजून जागा धरत असतात, म्हणून पहिली काही मिनिटं ढोलकी आणि हलगीची. ढोलकीच्या एका तोंडाला खर्ज, दुसऱ्याला चढा खणखणीत आवाज. हलगी चामड्याची. गारठ्यात चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून हलगीवाला ती जाळावर शेकून घ्यायचा. पौषाच्या थंडीत रंगमंचामागे ती शेकोटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो वासही आठवेल. आता फायबरची पानं आली, शेकावं लागत नाही. त्यांच्या जोडीला ऑर्गन आणि ऑक्टोपॅडही आले. मला त्याचं वाईट वाटत नाही. दर पिढीचा तमाशा आपल्या काळाची वाद्यं घेतोच. पण तुणतुणं आणि कडं मागे पडलं, तसा मागे उभा राहून टिपेला सूर धरणारा झिलकरीही मागे पडला, याचं मात्र वाईट वाटतं.

मग गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. त्यामागून गवळण. राधा आणि गवळणी दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवून दाण मागतात. सोबत असते मावशी, आणि ती नेहमी पुरुष असतो. हाताची बोटं मोडणारी, ठसक्यात चालणारी ही मावशी आली की देवाची गोष्ट अलगद माणसांत उतरते. गणात हात जोडलेला प्रेक्षक गवळणीत हसायला लागतो. क्रमाचं पहिलं काम इथे झालं.

बतावणी हा खरा विनोदाचा भाग, आणि माझ्या मते तमाशातली सगळ्यात अवघड कला. सोंगाड्या आणि त्याच्यासमोर एक शहाणा गडी, दोघंच. शहाणा सरळ विचारतो, सोंगाड्या शब्दाचा भलताच अर्थ धरतो आणि उत्तरातून उत्तर फुटत जातं. लिहिलेलं फार थोडं असतं, बाकी हजरजबाबीपणा. चांगला सोंगाड्या दुपारीच गावात चक्कर टाकतो. सरपंच कोण, केळीला काय भाव मिळाला, पाटचारीला पाणी आलं की नाही, हे विचारून ठेवतो आणि रात्री ते बोलण्यात पेरतो. चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा. भावाचा विषय निघाला की मैदान हसतं, पण त्या हसण्यात दुखणं असतं. मध्येच एखादं वाक्य अहिराणीत आलं की मागच्या रांगेतूनही उत्तर येतं.

हसून मोकळं झालेल्या गर्दीसमोर मग रंगबाजी, म्हणजे लावण्या, नाच आणि आता सिनेमाची गाणीही. टोप्या उडतात, शिट्ट्या पडतात. याविषयी फार लिहायला नको, लोक तेवढंच लक्षात ठेवतात. एक मात्र सांगायला हवं. किलोकिलोचे घुंगरू पायात बांधून रोज रात्री नव्या गावात नाचणं ही मेहनतीची आणि शिस्तीची गोष्ट आहे. फडातल्या बाईकडे कलावंत म्हणूनच बघितलं पाहिजे.

आणि शेवटी वग, म्हणजे नाटक. सावळजच्या उमा-बाबूंचा 'मोहना-छेलबटाव' हा पहिला वग मानतात, 1865 च्या सुमाराचा. त्याआधी गण, गवळण, लावणी असा खेळ होत असे. वगाने त्याला कथेचा कणा दिला. राजा-प्रधानाच्या गोष्टी, इतिहास, हुंडा, दारू, सावकारी असे विषय येत गेले. वगात पडदा-नेपथ्याचं अवडंबर नसतं. पात्राने रंगमंचावर एक गिरकी मारली की महालाचं जंगल होतं. बतावणीतला सोंगाड्या इथे शिपाई किंवा नोकर होऊन राजालाही खरं बोलून दाखवतो. मध्यरात्रीनंतर, पोरं झोपलेली, थंडी वाजत असलेली अशा वेळी वगातल्या बाईवर अन्याय होतो आणि हजार माणसं गप्प बसतात. ही शांतता मिळावी म्हणून आधीच्या सगळ्या पायऱ्या असतात. भक्ती, चेष्टा, हसू, नाच यांतून माणूस उलगडत नेला नसता, तर इतक्या रात्री तो रडला नसता.

नेमका हाच भाग आज कापला जातो आहे. तमाशावर संकटं आधीही आली. 1948 मध्ये त्यावर बंदी आली, पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तो 'लोकनाट्य' या नावाने पुन्हा उभा राहिला. कोरोनाने हंगामच बुडवले. आताचं संकट घड्याळाचं आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त 15, राज्य सरकार ती मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. नियम योग्य आहे. आजाऱ्याला आणि परीक्षेच्या मुलांना झोप हवीच. पण खेळ साडेनऊला सुरू झाला तर हातात किती वेळ उरतो? गण-गवळण उरकली जाते, गाण्यांची फर्माईश होते आणि वग अर्ध्या तासात गुंडाळला जातो किंवा होतच नाही. वग गेला की वगात काम करणारी माणसं फडात राहत नाहीत, आणि मग तमाशा म्हणजे फक्त गाणी असा समज पक्का होतो.

सुपारीच्या खेळाला दुसऱ्या दिवशीची एक जोड असते, ती हजेरी. सकाळी मंडळी पुन्हा गावात येतात आणि मोकळ्यावर गाणी-लावण्यांचा छोटा कार्यक्रम करतात. त्यानंतर सुपारीचा हिशेब होतो. मग ट्रक पुढच्या गावाकडे निघतात आणि दुपारी गावात कुस्त्यांचा फड लागतो. हजेरीला ध्वनिक्षेपकाची अडचण नसते, उजेड असतो, घाई नसते. काही गावांनी ती सोडून दिली आहे. ती सोडू नये.

यात्रा समित्यांकडे म्हणूनच एक मागणं आहे. बारागाड्या उन्हं असतानाच उरका, जेवणं लवकर होऊ द्या आणि साडेसातला ढोलकीवर थाप पडू द्या. बोली करतानाच फडमालकाला सांगा की पूर्ण वग पाहिजे आणि त्याला दीड-दोन तास राखून ठेवा. आणि वाचकहो, येत्या जत्रेत जाल तेव्हा गणाला हजर राहा आणि वग संपल्याशिवाय उठू नका.