पोचपावतीवर थांबलेली वर्षे

सरकारी सेवेच्या ३५ वर्षांत 'प्रकरण विचाराधीन आहे' हे वाक्य मी किती नस्त्यांवर लिहिले असेल, याचा हिशेब मांडणे कठीण आहे. ते खोटे नसे. प्रकरण बहुतेक वेळा खरोखरच कुणाच्या तरी विचाराधीन असे. तो विचार चालू असताना अर्जदार काय करत असेल, हा प्रश्न मात्र टिपणीत कुठे बसत नसे. दोन वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात, भाचीच्या घरी दीड महिना राहिलो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मला प्रथमच जवळून पाहायला मिळाले.

भाची स्थापत्य अभियंता आहे. मध्य प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयात शिकली आणि लग्नापूर्वी चार वर्षे उड्डाणपुलांच्या आराखड्यांवर काम करत होती. पती अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरीला, म्हणून ती एच-४ व्हिसावर तिथे गेली. या व्हिसाचा अर्थ एका शब्दात सांगायचा तर 'अवलंबित'. तिला राहता येते, शिकता येते, वाहनचालक परवाना काढता येतो. पण मोबदल्याचे काम करता येत नाही. मी गेलो तेव्हा तिला तिथे चार वर्षे झाली होती. कामाच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची पात्रता नुकतीच मिळाली होती आणि अर्जाला पाचवा महिना लागला होता.

सकाळी पतीचा डबा भरून झाला की घरातली एकुलती गाडी त्याच्याबरोबर जाई. मग ती संगणकावर अर्जाचा आवक क्रमांक टाकून पाही. अर्ज मिळाला आहे, एवढेच उत्तर येई. त्यानंतर पायी सार्वजनिक ग्रंथालय. पदपथ मध्येच संपत असल्याने अर्धी वाट गवतातून चालावी लागे. तिथे आठवड्यातून दोनदा नवागतांना इंग्रजी संभाषण शिकवण्याचा वर्ग चाले. ती त्यात विनामूल्य मदत करी. दुपारी संगणकावर एखादा अभ्यासक्रम, शनिवारी मंदिराच्या स्वयंपाकघरात पोळ्या, रविवारी मुलांचा हिंदीचा वर्ग. "मामा, मी रिकामी बसते असं आईला सांगू नका," ती मला म्हणाली. "दिवस भरलेला असतो. फक्त वर्ष संपलं की दाखवायला काही नसतं."

संध्याकाळी त्या वसाहतीच्या आवारात बाबागाड्या ढकलत फिरणाऱ्या स्त्रियांशी माझी ओळख झाली. एक कोइमतूरची दंतवैद्य होती. तिथल्या परीक्षांची पुस्तके तिने दोनदा वाचून संपवली होती. नाशिकची एक सनदी लेखापाल होती; बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार चालणाऱ्या मराठी शाळेत ती दर आठवड्याला मुलांना बाराखडी शिकवी. त्या शाळेची फी, वह्या, हजेरी यांचा हिशेब इतका चोख होता की कोणत्याही लेखापरीक्षकाने मान डोलवावी. पण त्याच हिशेबाचे चार पैसे कुणी तिला दिले असते, तर तो गुन्हा नसला तरी व्हिसाच्या अटींचा भंग ठरला असता.

ही सीमारेषा किती बारीक आहे, हे मला भाचीच्याच एका प्रसंगातून कळले. मंदिराला मागच्या बाजूस एक छप्पर बांधायचे होते. तिने उत्साहाने गणिते करून द्यायची तयारी दाखवली, तीही फुकट. वकिलाने सल्ला दिला की, करू नका. जे काम एरवी पैसे देऊन करवून घेतले जाते, ते विनामोबदला केले तरी अनधिकृत रोजगार मानले जाऊ शकते. पोळ्या लाटायला हरकत नव्हती. ज्या कामाचे शिक्षण तिने घेतले होते, नेमके तेच तिला निषिद्ध होते.

या प्रतीक्षेला निसर्गाचा दोष देता येणार नाही. ती नियमांनी घडवलेली आहे. अमेरिकेत रोजगाराच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात. त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. त्यामुळे भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग दशकाहून लांब झाली आहे. २६ मे २०१५ पर्यंत एच-४ वरील जोडीदाराला या सर्व काळात कामाची मुभाच नव्हती. त्या दिवशी ओबामा प्रशासनाचा नियम अमलात आला. पतीच्या किंवा पत्नीच्या ग्रीन कार्डाचा प्राथमिक अर्ज मंजूर झाला असेल, किंवा सहा वर्षांची मुदत ओलांडून एच-१बी वाढवून मिळाला असेल, तर जोडीदाराला परवाना मागता येऊ लागला. डिसेंबर २०१७ पर्यंत नूतनीकरणे धरून १,२६,८५३ अर्ज मंजूर झाले. त्यांपैकी ९३ टक्के स्त्रियांचे होते आणि ९३ टक्के अर्जदार भारतात जन्मलेले होते. आपल्याकडच्या धोरणचर्चेत या प्रश्नाला 'त्यांचा अंतर्गत विषय' म्हणण्याआधी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

म्हणजे प्रतीक्षा दोन पदरी आहे. पहिला पदर पात्रतेचा. तो प्राथमिक अर्ज सामान्यतः पतीची कंपनी करते. पत्नीच्या हाती काहीच नसते. कंपनी बदलली, मंदी आली, वरिष्ठ बदलला, की घड्याळ मागे जाऊ शकते. दुसरा पदर कागदाचा, म्हणजे अर्ज केल्यापासून कार्ड हाती येईपर्यंतचा. इथे मला, एक जुना प्रशासक म्हणून, सर्वांत अधिक खटकले. अमेरिकेच्याच नियमांत पूर्वी अशी तरतूद होती की बहुतेक कार्य-परवान्यांचे अर्ज ९० दिवसांत निकाली काढावेत, नाहीतर तात्पुरता परवाना द्यावा. जानेवारी २०१७ मध्ये ही मुदत काढून टाकण्यात आली. तिच्या जागी काही वर्गांना जुन्या परवान्याची आपोआप मुदतवाढ देण्यात आली. एच-४ धारकांना ती मिळण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि नोव्हेंबर २०२१ च्या तडजोडीनंतर काही अटींवर मिळाली. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना ही आपोआप मुदतवाढही बंद झाली. आता जुने कार्ड संपले आणि नवे आले नाही, तर त्या दिवशी काम थांबवायचे.

हे अपरिहार्य आहे असे म्हणावे, तर त्याच देशात उलट उदाहरण आहे. कंपनीने अंतर्गत बदलीवर पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा जोडीदार एल-२ व्हिसावर येतो. २०२१ च्या त्याच तडजोडीनंतर त्याला वेगळ्या परवान्याशिवाय पहिल्या दिवसापासून काम करता येते. एकाच कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोन अभियंत्यांपैकी एकाची पत्नी कामावर जाते आणि दुसऱ्याची ग्रंथालयात. फरक दोघींच्या शिक्षणात नसतो; तो पतीच्या व्हिसाच्या अक्षरात असतो. जर्मनीतही ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला कामाची मुभा असते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २०१५ च्या नियमाला आव्हान देणाऱ्या संघटनेत कॅलिफोर्नियातील असे तंत्रज्ञ होते की ज्यांच्या म्हणण्यानुसार एच-१बी कामगार आणून त्यांना घरी बसवले गेले होते. त्यांचे दुःख काल्पनिक म्हणता येणार नाही. त्यांचा खटला दहा वर्षे चालला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मात्र स्वस्त मनुष्यबळाचा लोभ ही तक्रार असेल, तर तिचा इलाज वेतनाच्या नियमांत शोधायला हवा. कुणाच्या तरी पत्नीला दहा वर्षे घरी बसवून त्या तंत्रज्ञांची नोकरी परत येत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुना धागा दिसतो. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजुरांच्या जहाजांवर दर १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया असाव्यात, असा दंडक होता. तेव्हाच्या सरकारला मळ्यांसाठी स्त्रियांचे श्रम हवे होते. पुढे १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने भारतीयांसाठी दार लावले आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्या पंजाबी पुरुषांच्या पत्नी गावीच राहिल्या. अनेकांनी तिथे मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. आता पत्नी येऊ शकते, पण तिच्या श्रमाला परवानगी नाही. प्रत्येक काळात स्त्रीची मोजणी दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेनुसार झाली. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. समाजशास्त्रज्ञ पल्लवी बॅनर्जी यांनी 'द अपॉर्च्युनिटी ट्रॅप' (२०२२) या ग्रंथात तंत्रज्ञांच्या पत्नींबरोबरच भारतीय परिचारिकांच्या पतींचाही अभ्यास केला आहे. अवलंबित हा शिक्का कुणावरही बसला, तरी घरातले नाते बदलते. अत्याचार सोसणाऱ्या अवलंबित जोडीदारांना कामाचा परवाना मिळावा अशी तरतूद अमेरिकेने २००५ मध्ये केली. त्या अर्जाचा नमुना प्रत्यक्षात आला २०१७ मध्ये. बारा वर्षे. त्या काळात त्या घरांत काय घडले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आपण हात झटकण्याचे कारण नाही. आपल्याच परराष्ट्र सेवेच्या १९६१ च्या नियमांत असे लिहिलेले होते की महिला अधिकाऱ्याने विवाहापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि विवाहानंतर कौटुंबिक जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. त्या सेवेतील पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांतील भेदभावावर कठोर शब्दांत बोट ठेवले. म्हणून भारताने उपदेश न करता, स्वतः शिकलेले दोन धडे वाटाघाटींच्या मेजावर ठेवावेत, असे मला वाटते.

पहिला धडा आपल्या राजनैतिक व्यवहारातला. परदेशी दूतावासांत नेमलेल्या कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना त्या देशात नोकरी करता यावी, यासाठी भारताने अनेक देशांशी परस्पर करार केले आहेत. म्हणजे सोबत गेलेल्या जोडीदाराचा वेळ मौल्यवान असतो हे तत्त्व सरकारला मान्य आहे; ते अद्याप दूतावासाच्या कुंपणाबाहेर आलेले नाही. व्यापार आणि तंत्रज्ञानाच्या चर्चेत एच-१बीच्या संख्येवर आपण नेहमी बोलतो. त्याच चर्चेत जोडीदाराच्या परवान्यासाठी निश्चित मुदत मागता येईल. बऱ्याचदा ही शिक्षणे सार्वजनिक पैशातून झालेली असतात. तेव्हा हा विषय केवळ कौटुंबिक उरत नाही.

दुसरा धडा माझ्याच राज्यातला. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. महाराष्ट्रात तो २०१५ मध्ये आला. ठरलेल्या दिवसांत दाखला दिला नाही, तर मध्य प्रदेशात अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम क्षुल्लक आहे आणि कायद्याला पळवाटा आहेत, हे मी जाणतो. त्यातल्या काही आम्हीच शोधल्या. तरीही पहिल्यांदा नस्तीवर एक तारीख आली, आणि ती उलटली तर कुणाला तरी उत्तर द्यावे लागू लागले. विचाराधीन या शब्दाला शेवट असू शकतो, हे आम्हाला त्या कायद्याने शिकवले.

मी परतल्यावर दोन महिन्यांनी भाचीला परवाना मिळाला. आता ती एका सल्लागार संस्थेत पुलांच्या दुरुस्तीचे आराखडे करते. मधल्या वर्षांचे काय, असे मुलाखतीत विचारले गेले तेव्हा तिने ग्रंथालयातल्या वर्गाचे नाव सांगितले. कार्डाची मुदत पुढच्या वर्षी संपते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त १८० दिवस आधी करता येतो. तो दिवस तिने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने आखून ठेवला आहे. ते १८० दिवस पुरतील की नाही, याची हमी आज तिला कुणी देऊ शकत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री तिने मला सहज विचारले होते, "मामा, तुमच्या कार्यालयात अर्ज साधारण किती दिवस पडून असायचे?" वर्षाला किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती शिल्लक राहिले, हे मी तिला सांगू शकलो. तिने विचारलेला आकडा आमच्या अहवालात कधी मागितलाच जात नसे.