धाराशिवच्या बायकांनी दिलेले उत्तर

दुखणे अंगावर काढण्यात आपल्या बायकांचा हात कोणी धरणार नाही. त्यातून ते ‘पिशवीचे’ असेल तर नवऱ्याच्याही कानी घालायचे नाही, अशी चांगल्या सुशिक्षित घरांतूनही रीत आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग या संकोचावरच पोसतो. वास्तविक तो सावकाश, दहा-वीस वर्षे घेऊन वाढणारा रोग. वेळीच सापडला तर बहुधा बरा होतो. पण हुडकायचा कसा? या प्रश्नाचे एक मोठे उत्तर जगाला मिळाले ते तुळजाभवानीच्या जिल्ह्यातून, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

धाराशिवला लागूनच बार्शी. तेथे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतील कर्करोगाची देशातील पहिली नोंदणी बार्शीतच १९८७ साली सुरू झाली. भूम व परांडा तालुक्यांतील गावे तिच्यात आली. या रुग्णालयाने मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड काम हाती घेतले. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ धडधाकट स्त्रिया! चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावांच्या ५२ गटांची चार भागांत वाटणी झाली. एका भागात पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दुसऱ्यात गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधले तेच) लावून पांढरा डाग उठतो का, ते पाहिले. तिसऱ्यात एच. पी. व्ही. या विषाणूचा शोध घेतला. चौथ्या भागातील स्त्रियांना नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले. तपासणीचे काम गावात जाऊन परिचारिकांनी केले. परक्या बाईपुढे तपासणीला बसायचे, तेही अंगात काही दुखत-खुपत नसताना. त्या माउल्यांच्या धीराला माझा नमस्कार.

एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रख्यात नियतकालिकात आला. विषाणू-तपासणी केवळ एकदाच झालेल्या भागात ३४,१२६ स्त्रिया होत्या. आठ वर्षांत त्यांतील ३४ या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत मृत्यू ६४. बळावलेल्या अवस्थेतील रोगी पहिल्या भागात ३९, दुसऱ्यात ८२. बाकीच्या दोन तपासण्यांनी तेथे मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाही.

त्या ६४ आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पेशी-तपासणी पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षे रुळलेली असताना या स्त्रियांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप पुढे वैद्यकीय नीतीच्या जाणकारांनी घेतला. आपल्या खेड्यांत नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी नसणे हीच, असे समर्थन झाले. समर्थन खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक बोचते.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. पण तो इतका सर्रास आढळतो की, त्यावरून कोणाच्या शीलाची शंका घेणे हा शुद्ध अडाणीपणा. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ठाण मांडून बसला तरच धोका. तेव्हा तपासणीत तो सापडला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे; पुढची तपासणी करून बिघडलेल्या पेशी काढून वा गोठवून टाकता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच तपासणीला पहिली पसंती दिली : तिशीपासून, पाच ते दहा वर्षांतून एकदा. मुलींसाठी नऊ ते चौदा या वयात लस आहे. पुण्यात तयार झालेली देशी लसही २०२३ साली बाजारात आली.

आणि आपण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, हा रोग हुडकण्याची तपासणी कधीतरी झालेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया देशात शंभरात दोनही भरल्या नाहीत. यात शहरांतील आपल्या बायकाही आल्याच. नमुना घ्यायला काही मिनिटे पुरतात. यजमानांनी सोबत जावे. बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून होते न होते, तोच ती बाहेर येईल.