एक जीबीत कोण कोण बसणार?

भाईंदरची खाडी लागली की माझ्या मोबाइलचं नेटवर्क झोपतं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी विरार फास्टच्या लेडीज डब्यात, दोन बॅगांच्या मधे चेपून उभी होते आणि फोनवरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायची धडपड करत होते. आमच्या कॉलेज फेस्टची साइट बंद पडली होती. ग्रुपवर मेसेजचा पाऊस: ‘रजिस्ट्रेशन होत नाहीये’, ‘डेटाबेस कनेक्शन एरर येतोय’, ‘स्पॉन्सर विचारतायत’. रजिस्ट्रेशनची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती.

सगळ्यांना वाटलं, गर्दी झाली. गर्दी कसली डोंबलाची! साइटवर जेमतेम तीस-चाळीस जण होते. घरी पोचून लॉग उघडला तेव्हा कळलं की डेटाबेस मारला गेलाय, आणि मारणारा कुणी हॅकर नव्हता, सर्व्हर स्वतःच होता. दुपारी निघताना मी कंट्रोल पॅनलमध्ये ‘मेल स्कॅनिंग’चं बटण ऑन केलं होतं. फुकट मिळतंय तर असू दे, म्हणून.

ज्यांनी हे पॅनल प्रकरण पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भाड्याचा सर्व्हर मिळतो तेव्हा समोर फक्त काळी स्क्रीन असते. कमांड टाइप करत बसायचं नसेल तर कंट्रोल पॅनल टाकायचं. मग ब्राउझरमधून बटणं दाबून साइट, डेटाबेस, ईमेल, सगळं चालवता येतं. पण तेही त्याच सर्व्हरवर राहतं, त्याचीच रॅम खातं. विरारला गाडीत चढायला जा, नालासोपारा-वसईहून उलटे आलेले लोक आधीच जागा धरून बसलेले असतात. पॅनल तसंच असतं, तुमचा पहिला व्हिजिटर यायच्या आधी रुमाल टाकून बसलेलं.

गंमत म्हणजे पॅनलचा स्वतःचा रुमाल छोटाच असतो. जागा खातं ते त्याच्यासोबतचं वऱ्हाड: मेल सर्व्हर, स्पॅम फिल्टर, व्हायरस स्कॅनर, डीएनएस, एफटीपी. यातला स्कॅनर सगळ्यात खादाड. बऱ्याच पॅनलांसोबत क्लॅमएव्ही येतो. व्हायरसच्या खुणांची अख्खी यादी तो रॅममध्ये ठेवतो. यादी अपडेट झाली की जुनी तशीच ठेवून नवी शेजारी लोड करतो, म्हणजे थोडा वेळ दुप्पट जागा. त्याच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये किमान 3 जीबी रॅम ठेवा असं लिहिलंय. माझ्या सर्व्हरला होती 1 जीबी.

जागा संपली की लिनक्स ‘आउट ऑफ मेमरी किलर’ला बोलावतो, आणि तो साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी अडवणाऱ्याला बाहेर फेकतो. माझ्याकडे स्कॅनर अजून यादी लोडच करत होता, त्यामुळे त्या क्षणी सगळ्यात मोठा होता बिचारा डेटाबेस. चूक एकाची, फटका दुसऱ्याला. मी स्कॅनर आणि स्पॅम फिल्टर दोन्ही बंद केले, डेटाबेस पुन्हा सुरू केला. साइट वर आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मुदत एक दिवस वाढवून घेण्यासाठी सरांना फोन मलाच करावा लागला, तो प्रसंग इथे लिहीत नाही.

त्यानंतर मात्र प्रत्येक पॅनलची भूक बघायची सवय लागली. हेस्टिया 1 जीबीत चालतं, पण स्कॅनर आणि स्पॅम फिल्टरशिवाय. ते हवे असतील तर 4 जीबी ठेवा, असं तेच स्पष्ट सांगतात आणि मला हा प्रामाणिकपणा आवडतो. क्लाउडपॅनल मेल सर्व्हर देतच नाही, तरी 2 जीबी मागतं. प्लेस्कला लिनक्सवर 1 जीबी रॅम आणि वर 1 जीबी स्वॅप लागतो. व्हर्च्युअलमिनमध्ये ‘मिनिमल’ इन्स्टॉल निवडता येतं, त्यात मेलचं जडजंबाल बरंच गळतं. सीपॅनल हे यातलं सगळ्यात नावाजलेलं, पण 2019 मध्ये त्यांनी परवान्याची किंमत अकाउंटच्या संख्येवर नेली. एका फेस्टच्या साइटसाठी तो परवाना घेणं म्हणजे जीवदानीला चालत जायला टॅक्सी ठरवण्यासारखं.

पण वेबसाइटवरच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. नवा कोरा सर्व्हर घेतला की पॅनल टाकायच्या आधी ‘फ्री’ ही कमांड द्या आणि आकडा लिहून ठेवा. पॅनल टाकल्यावर परत द्या. एक दिवस जाऊ द्या, रात्रीचे बॅकअप आणि अपडेट होऊ द्या, मग तिसऱ्यांदा बघा. यात ‘फ्री’चा रकाना बघून घाबरायचं नाही, लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरून टाकतो. खरा आकडा ‘अव्हेलेबल’च्या रकान्यात असतो.

उरलेल्या जागेचा हिशेब सोपा आहे. समजा 400 एमबी उरली आणि वर्डप्रेसची एक पीएचपी प्रोसेस 50 एमबी घेते. मग एका वेळी 8 प्रोसेस, बास. पीएचपी-एफपीएममध्ये ‘मॅक्स चिल्ड्रन’ नावाचं सेटिंग असतं, तिथे 8 च्या वर जायचं नाही. नववा थोडा वेळ रांगेत थांबेल, पण साइट मरणार नाही. आणि थोडा स्वॅप ठेवाच. डिस्कवरची ही उधारीची मेमरी हळू असते, पण अडीनडीला डेटाबेस वाचवते. माझ्याकडे तीही नव्हती.

हलकं पॅनल म्हणजे चांगलंच पॅनल, असंही नाही. वेस्टा हे एकेकाळचं लाडकं हलकंफुलकं पॅनल, 2018 मध्ये त्यातून कितीतरी सर्व्हर हॅक झाले. हेस्टिया त्याच्याच कोडमधून पुढे वाढलं. ऑक्टोबर 2024 मध्ये सायबरपॅनलच्या एका त्रुटीतून हजारो सर्व्हरवर रॅन्समवेअर घुसलं. पॅनलला सर्व्हरचे सगळे अधिकार असतात, त्यामुळे त्याचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवायचं नाही. फायरवॉलमध्ये फक्त आपला आयपी चालू ठेवायचा आणि अपडेट टाळायचे नाहीत.

मग पॅनल हवंच कशाला? एकच साइट असेल तर नको, असं माझं मत. एन्जिनेक्स, डेटाबेस आणि लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट, एवढं हाताने बसवायला एक रविवार लागतो आणि त्या रविवारी जे कळतं ते वर्षभराच्या प्रॅक्टिकलमध्ये कळत नाही. पण फेस्टची टीम दरवर्षी बदलते. मी पास होऊन गेल्यावर माझ्या कमांड कोण लक्षात ठेवणार? म्हणून आमच्याकडे हेस्टियाच ठेवलं, मेलचं सगळं काढून. ईमेल दुसऱ्या सर्व्हिसवर.

मागच्या महिन्यात पासवर्ड ज्युनिअरच्या हवाली केला. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन.

“ताई, फेस्टच्या नावाचा ईमेल आयडी किती भारी दिसेल! मेल सर्व्हर चालू करू का? स्कॅनिंगपण आहे त्यात.”

“आधी ‘फ्री’ मार आणि अव्हेलेबल किती ते सांग.”

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज.

“तीनशे दहा.”

“आणि स्कॅनरला किती लागतं ते वाच.”

परत शांतता. मग, “राहू दे गं ताई, जीमेलच बरं.”