डोळ्याचा पडदा आणि संगणकाची नजर

कातडी न कापता जिवंत रक्तवाहिन्या पाहता येतील अशा जागा शरीरात फार थोड्या आहेत. त्यांत डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, महत्त्वाचा. तो पाहण्याचे उपकरण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली जगापुढे ठेवले. पुढे कॅमेरा आला व त्यामागून संगणक.

संगणकाच्या दृष्टीने फोटो म्हणजे लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषते. म्हणून हिरव्या आकड्यांत रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. संगणक त्या रेषा वेगळ्या काढून त्यांची रुंदी व वळणे मोजतो. उच्च रक्तदाबात रोहिण्या अरुंद होतात. मधुमेहात केशवाहिन्यांना सूक्ष्म फुगे येतात व रक्त पाझरते. मात्र साध्या फोटोत वाहिन्या दिसतात, वाहणे दिसत नाही. त्यासाठी शिरेत फ्लोरेसीन नावाचा रंग टोचून लागोपाठ फोटो घ्यावे लागतात.

या कामात महाराष्ट्र मागे नाही. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथीलच एका नेत्रचिकित्सालयातील ५१६ फोटोंचा संच २०१८ साली अभ्यासकांना खुला केला. त्यातील ८१ फोटोंवर मधुमेहाचे दोष ठिपक्या-ठिपक्याने आखलेले आहेत. अशा आखलेल्या नमुन्यांवरूनच संगणक शिकतो. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवर, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या अशा तपासणीचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २१३ मधुमेहींचे फोटो तपासले गेले. तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण सुटला नाही. परंतु गरज नसलेल्या शंभरांमागे सुमारे बारा जणांनाही संगणकाने पुढे पाठवले.

बँकेत कारकून व्हाउचर तपासतो, पास करतो तो अधिकारी. संगणकाचे स्थान त्या कारकुनाचे आहे. निदान व उपचार डॉक्टरांचेच.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. येथील आदिवासी समाजात सिकलसेल आजार आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी पडद्याच्या बारीक वाहिन्या अडवतात आणि हा बिघाड बहुधा पडद्याच्या कडेला सुरू होतो. नेहमीच्या फोटोत मधलाच भाग येतो, कडा येत नाही. ज्या कडेचा फोटोच नाही, तिचा निर्णय संगणक कोठून देणार? म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने, फोटो निर्दोष आला तरी, बाहुली मोठी करणारे औषध घालून डॉक्टरांकडून संपूर्ण पडदा तपासून घ्यावा.

मधुमेही बंधू-भगिनींनी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करावी. दिसते आहे तोवरच ती करावी, कारण हा बिघाड सुरुवातीला दुखत नाही व नजरही कमी करत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर नेत्रतज्ज्ञ रोज पोहोचणे अवघड. कॅमेरा पोहोचू शकतो. तो हाताळणारे आणि त्यामागचे गणित समजणारे तरुण आपल्यातून तयार व्हावेत.