वजन घटविणारी शस्त्रक्रिया : लाभ आणि आजीवन दायित्व

वाराणसीतील काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेशाप्रमाणेच बिहारमधूनही रुग्ण येतात. कुपोषणाशी झुंजणाऱ्या या प्रदेशापुढे आता लठ्ठपणाचेही आव्हान आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनाचे अथवा लठ्ठ आढळले.

कमरेचा वाढलेला घेर, उच्च रक्तदाब, उपाशीपोटी वाढलेली रक्तशर्करा, वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले उपकारक कोलेस्टेरॉल या पाच लक्षणांपैकी कोणतीही तीन एकत्र आढळल्यास त्या अवस्थेस 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानली जाते.

बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेत जठराचा आकार लहान केला जातो किंवा अन्नाचा मार्ग वळविला जातो. त्यामुळे आहार घटतो. शिवाय आतड्यातील संप्रेरकांचे स्रवण बदलते. म्हणूनच अनेक रुग्णांची रक्तशर्करा वजन पुरेसे घटण्यापूर्वीच सुधारते.

हा लाभ किती टिकतो? १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त अवस्थेत होते. पंधरा वर्षांनी हे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत मात्र ते अनुक्रमे १६ व ६.५ टक्केच होते. मधुमेहजन्य गुंतागुंतही शस्त्रक्रिया झालेल्यांत कमी आढळली. म्हणजेच लाभ कालांतराने ओसरतो, पण नाहीसा होत नाही.

त्याची किंमतही आहे. लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड जीवनसत्त्वांची कमतरता, हाडांची झीज आणि वजन पुन्हा वाढणे हे धोके संभवतात. त्यामुळे पूरक औषधे व नियमित तपासणी आयुष्यभर आवश्यक ठरते.

आर्थिक प्रश्न येथेच उद्भवतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विशिष्ट निकषांवर या शस्त्रक्रियेस विमासंरक्षणाची वाट मोकळी केली. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो. पाठपुराव्याचा खर्च मात्र आयुष्यभर चालतो आणि सामान्यतः तो कुटुंबालाच सोसावा लागतो. गाझीपूर वा बलियाहून वाराणसीला येणाऱ्या रोजंदारीवरील रुग्णाच्या दृष्टीने प्रत्येक तपासणी म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी होय. ही तपासणी जिल्हा रुग्णालयातच उपलब्ध झाली, तरच शस्त्रक्रियेवरील खर्च दीर्घकाळ सार्थकी लागेल. अर्थात, सकस आहार व व्यायाम यांद्वारे होणारा प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.