५६२ कामगारांत तिघे

अमेरिकेतल्या ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’च्या वादात केनेडी आणि जॉन्सन यांची नावं हमखास येतात; निक्सन म्हटलं की गाडी वॉटरगेटकडे वळते. पण या धोरणाला पहिल्यांदा खरी धार आली ती निक्सन यांच्याच कारकिर्दीत. ती आणणारे आर्थर फ्लेचर हे कृष्णवर्णीय रिपब्लिकन होते, एकेकाळचे व्यावसायिक फुटबॉलपटू आणि १९६९ मध्ये कामगार खात्याचे सहायक सचिव. जॉन्सन यांच्या १९६५ च्या ११२४६ क्रमांकाच्या आदेशानं सरकारी कंत्राटदारांवर भेदभाव न करण्याचं आणि संधी देण्यासाठी पावलं उचलण्याचं बंधन घातलं होतं. पण किती माणसं घेतली म्हणजे पाऊल उचललं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

फ्लेचर यांनी फिलाडेल्फियातल्या बांधकामाचे सहा कुशल व्यवसाय धरले. तिथली मोजदाद बोलकी आहे: लिफ्ट बसवणाऱ्या ५६२ कामगारांत अल्पसंख्याक तिघे, नळकाम करणाऱ्या २,३३५ जणांत १२. कामगार बहुतेक युनियनमार्फत मिळत आणि युनियनमधली उमेदवारी नात्यागोत्यात फिरे. त्यामुळं नवा भेदभाव न करताही दार बंदच राही. म्हणून ५ लाख डॉलरवरच्या सरकारी मदतीच्या कामांना निविदेतच भरतीचं लक्ष्य मागितलं गेलं. लोखंडकामासाठी ते १९७० मध्ये ५ ते ९ टक्के, १९७३ पर्यंत २२ ते २६ टक्के होतं. हा छुपा कोटाच, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. दंडाची भीती असली की लक्ष्याचा कोटा व्हायला वेळ लागत नाही. तरी प्रामाणिक प्रयत्न दाखवणाऱ्याला लक्ष्य चुकलं म्हणून शिक्षा नव्हती, आणि आकड्याविना तो प्रयत्न तपासायचा कशावर, याचं उत्तर विरोधकांनी दिलेलं नाही.

खरी जुंपली ती वॉशिंग्टनमध्ये. काँग्रेसचे मुख्य हिशेबतपासनीस एल्मर स्टॅट्स यांनी ही योजना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध ठरवली. ॲटर्नी जनरल जॉन मिचेल यांनी ती कायदेशीर म्हटली. डिसेंबर १९६९ मध्ये सिनेटनं स्टॅट्स यांना बळ देणारं कलम एका खर्चाच्या विधेयकाला जोडलं. प्रतिनिधीगृहानं ते २०८ विरुद्ध १५६ मतांनी फेटाळलं आणि सिनेटही मागे सरलं. निक्सन यांचे सहकारी एर्लिकमन यांनी पुढं आठवणींत कबूल केलं की कामगार संघटना आणि कृष्णवर्णीय नेते एकमेकांवर उठावेत हाही या योजनेमागचा हिशेब होता. हेतू खोटा म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. पण असल्या हेतूवर उभं राहिलेलं धोरण मालकाच्या सोयीनं हलतं. १९७२ च्या प्रचारात निक्सन स्वतःच कोट्यावर तुटून पडले.

माझ्या मते योजनेचं दुबळेपण आकड्यांत नव्हतं, मतदानात होतं. काँग्रेसनं बंदी नाकारली, पण लक्ष्यं कायद्यात लिहिली नाहीत. आपल्याकडे आरक्षणावर कितीही रणं माजली तरी कलम १६(४) राज्यघटनेत आहे. ते एका सहीनं पुसता येत नाही. १९६९ मध्ये असा कायदा झालाच नसता, हे म्हणणं पटण्यासारखं आहे. पण १९७२ मध्ये १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या रोजगारविषयक भागात काँग्रेसनं मोठी दुरुस्ती केली, तेव्हाही बंदीची सूचना हाणून पाडण्यापलीकडे कोणी गेलं नाही. रेगन यांच्या काळात जॉन्सन यांचा मूळ आदेश वाचला तो मंत्रिमंडळातल्या मतभेदामुळं. २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी तो रद्द केला. कंत्राटदारांना जुनी चौकट आवरायला ९० दिवस मिळाले.